औषधाची किंमत विचारायला संकोच कसला?



मस्तगड भागातील माझ्या दवाखान्यात दुपारी बाराच्या सुमारास गर्दी ओसरते. त्या वेळी येणारे रुग्ण बहुधा वयस्कर असतात. त्यांना घाई नसते आणि बोलायचे पुष्कळ असते. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आमचे आबा आले. जालन्याजवळच्या एका खेड्यात त्यांची मोसंबीची बाग आहे. वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्ताचा एक दीर्घकालीन कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. या आजारावर इमॅटिनिब नावाची गोळी रोज एक, न चुकता, घ्यावी लागते. ती नियमित घेतली तर माणूस वर्षानुवर्षे आपले आयुष्य जगतो. आबांचे रक्ताचे अहवाल दीड वर्ष उत्तम होते. त्या दिवशीच्या अहवालात मात्र पांढऱ्या पेशी भराभर वाढलेल्या दिसल्या.

मी त्यांना गोळ्यांचे पाकीट दाखवायला सांगितले. आबांनी धोतराच्या कनवटीतून एक कागदाची पुडी काढली. पुडीत सुरीने कापलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या होत्या.

"डॉक्टरसाहेब, आर्धी घेतली तरी पोटात जातेच की," ते शांतपणे म्हणाले. "नातवाची कॉलेजाची फी भरायची होती. पोराला कुठवर वढायचं?"

मुलाला याचा पत्ता नव्हता. सून रोज सकाळी गोळी हातावर ठेवी, आबा ती तोंडात टाकल्यासारखे करीत आणि नंतर गोठ्यात जाऊन कापीत. चार महिने हा क्रम चालला होता.

मला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली, ती स्वतःची. दोन वर्षे मी या माणसाचा रक्तदाब मोजत होतो, खोकला ऐकत होतो, पण 'आबा, गोळ्यांना महिन्याला किती लागतात आणि ते कुठून येतात?' हा एक प्रश्न मी कधी विचारला नव्हता. त्यांच्याकडे केशरी शिधापत्रिका होती. तीवर त्यांचे नाव होते. शासकीय योजनेतून हा उपचार त्यांना मिळू शकत होता. कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्या 'कोणी'मध्ये मीही आलो.

म्हणून आजचा लेख औषधाविषयी नाही, औषधाच्या पैशाविषयी आहे. 'जालना सोन्याचा पालना' असे आपल्याकडे म्हणतात. पण त्या पालन्यातल्या किती घरांत कर्करोगाचे निदान झाल्यावर पहिली हालचाल सोनाराकडे किंवा सावकाराकडे होते, हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक असते. ती हालचाल करण्यापूर्वी आपण काय काय करू शकता, ते क्रमाने सांगतो.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

या साऱ्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवा: शासकीय योजना सहसा झालेला खर्च परत देत नाहीत, होणारा खर्च उचलतात. रुग्णालयात अनामत भरली, दोन केमो रोखीने घेतल्या आणि मग योजनेची आठवण झाली, तर त्या दोन केमोंचे पैसे गेलेच असे समजा. म्हणून निदान झाल्या दिवशी, उपचाराची पहिली तारीख ठरण्याआधी, चौकशी व्हायला हवी.

महाराष्ट्रातील प्रमुख आधार म्हणजे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी ती प्रामुख्याने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती होती. आता पांढरी शिधापत्रिका असणारी कुटुंबेही तीत आली आहेत आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. 'आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही,' असे म्हणणारे निवृत्त शिक्षक आणि कारकून मला अजून भेटतात. त्यांना सांगा, की ही समजूत आता जुनी झाली.

योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी या तिन्हींचा समावेश आहे. उपचार मात्र योजनेत अंगीकृत झालेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात. अशा प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी बसतो. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी त्याचे टेबल शोधा. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तपासणीचे अहवाल पाहून तो नोंदणी करतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागवते आणि त्यानंतर उपचार सुरू होतात. जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, तेथे कर्करोगाचे उपचार होतात का, हे १५५३८८ या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारता येते.

येथे वृद्धांच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. शिधापत्रिकेवर आजोबांचे नाव असते, पण आधारवरील नावाशी ते जुळत नाही. कधी वेगळे राहू लागल्यावर नाव एका पत्रिकेतून कमी झालेले असते आणि दुसरीत चढलेले नसते. कधी बोटांचे ठसे झिजल्यामुळे ओळख पडताळणी अपुरी राहिलेली असते. या गोष्टी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दुरुस्त होतात, पण त्यांना दिवस लागतात, आणि कर्करोग ते दिवस मोजत असतो. घरात कोणीही आजारी नसताना, याच आठवड्यात, घरातील सर्व ज्येष्ठांची नावे तपासून घ्या. औषधाइतकेच हे काम महत्त्वाचे आहे.

सत्तरी ओलांडली असेल तर

आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा लाभ ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, मिळू लागला. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' नावाचे स्वतंत्र कार्ड काढावे लागते आणि त्याला आधार कार्ड लागते. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण यातून मिळते. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर सत्तरीपुढील ज्येष्ठांसाठी हे ५ लाख वेगळे असतात, घरातील इतरांच्या वाट्यातून ते कापले जात नाहीत. खासगी आरोग्य विमा असला तरी हे कार्ड काढता येते. मात्र केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे लाभार्थी असाल, तर दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

आबांचे वय एकाहत्तर होते. म्हणजे त्यांना एक सोडून दोन दारे उघडी होती, आणि ते गोठ्यात बसून गोळी कापत होते.

योजनेची मर्यादाही सांगायला हवी. प्रत्येक उपचारासाठी ठरलेली रक्कम आणि ठरलेली औषधे असतात. जुनी, पारखलेली केमोची औषधे तीत बहुधा बसतात. अलीकडची काही लक्ष्यवेधी औषधे किंवा प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शने तीत बसतीलच असे नाही. तेथे पुढील वाटा उपयोगी पडतात.

कोठे जावे?

जालन्यापासून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला आहे. मराठवाड्यातील रुग्णांची तेथे मोठी रीघ असते आणि रांगही असते. पण पुण्या-मुंबईला जाण्यापूर्वी एकदा तेथे दाखवून यावे असे मी प्रत्येकाला सांगतो. केमो दर दोन-तीन आठवड्यांनी, महिनोन्महिने घ्यायची असते. घरापासून दीड तासावर मिळणारी केमो पूर्ण होते. रात्रभराच्या प्रवासाची केमो पुष्कळदा अर्ध्यात सुटते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून रुग्णसेवा करीत आहे. तेथे नोंदणी करताना सर्वसाधारण आणि खासगी असे वर्ग असतात. सर्वसाधारण वर्गातील शुल्क पुष्कळ कमी असते आणि डॉक्टर तेच असतात. अगदी साध्या घरातील माणसेही 'चांगले उपचार मिळावेत' म्हणून खासगी वर्ग घेताना मी पाहिली आहेत. त्याची गरज नसते. तसेच, पहिली तपासणी व उपचाराची आखणी तेथे करून घेऊन प्रत्यक्ष केमो गावाजवळ घेता येईल का, हे विचारा. पुष्कळदा ते शक्य असते.

टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड उभे राहिले. देशभरातील कर्करोग केंद्रांचे ते जाळे आहे. त्यांनी एक शहाणपणाचा प्रयोग केला. वाण्याकडे एकट्याने किलोभर साखर घेण्याऐवजी गल्लीने मिळून पोते घ्यावे, तशी अनेक केंद्रांनी मिळून ४० औषधांची एकत्रित खरेदी केली. त्यात एकूण ८२ टक्के रक्कम वाचली. एकाच औषधाच्या छापील किमतीत आणि खऱ्या किमतीत किती अंतर असू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

छापील किंमत आणि खरी किंमत

औषधांच्या किमतींचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून आपल्याला धीर मिळेल. आबांच्या त्या इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या गोळ्यांना एके काळी महिन्याला लाखाहून अधिक रुपये पडत. कंपनीला भारतात त्यावर एकस्व हवे होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने रुग्णांच्या बाजूने त्याला हरकत घेतली. हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने एकस्व नाकारले. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलले आणि गुण वाढल्याचे दाखवता आले नाही, तर नवे एकस्व मिळणार नाही, असा त्याचा सारांश. म्हणून आज अनेक भारतीय कंपन्या ही गोळी बनवतात.

त्याआधी एक वर्ष, ९ मार्च २०१२ रोजी, मुंबईच्या एकस्व कार्यालयातून आणखी एक निकाल आला होता. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. सरकारने हैदराबादच्या एका कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि तोच महिनाभराचा साठा ८,८८० रुपयांत द्यावा असे ठरवले. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला परवाना होता.

पुढे २०१९ साली औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीतील नफा ३० टक्क्यांपुरता बांधला, तेव्हा शेकडो ब्रँडांच्या किमती उतरल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर्करोगासह गंभीर आजारांवरील ३३ जीवरक्षक औषधांवरचा वस्तू व सेवा कर शून्यावर आला आणि इतर बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर. आपल्या बिलावर कोणता कर लावला आहे, हे वाचायची सवय ठेवा.

आता प्रत्यक्ष कृती. डॉक्टरांना विनंती करून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. त्या नावाने जनऔषधी केंद्रात विचारा. तेथील यादीत इमॅटिनिब, कॅपेसिटाबिन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, बायकॅल्युटामाइड यांसारखी तोंडाने घ्यायची कर्करोगाची औषधे आहेत. केंद्रात त्या दिवशी नसतील, तर मागवून देण्याविषयी बोला. मोठ्या शासकीय संस्थांच्या आवारात 'अमृत' नावाची औषध दुकाने असतात. कर्करोग व हृदयविकाराची औषधे सवलतीत देण्यासाठीच ती २०१५ पासून उघडली गेली. खासगी रुग्णालयात असाल, तर औषधे त्यांच्याच दुकानातून घेतली पाहिजेत असे बंधन नसते. औषध कोठून घ्यावे याची निवड हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतील एक हक्क आहे. बाहेरून इंजेक्शन आणायचे झाले तर ते शीतपेटीतून आणावे लागते का, हे मात्र आधी विचारा. उन्हाळ्यात जालन्याच्या उन्हातून पिशवीत आणलेले महागडे इंजेक्शन वाया जाऊ शकते.

औषध विक्रेत्याशी नम्रपणे, पण मोकळेपणाने घासाघीस करा. कर्करोगाच्या औषधांवर छापील किमतीपेक्षा पुष्कळ सूट मिळू शकते. दोन-तीन दुकानांत भाव विचारा. सोने घेताना आपण तीन सराफांकडे जातो. सोने मोडून औषध घेताना एकाच दुकानाशी का थांबावे?

तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न

'डॉक्टरांना पैशाचे कसे विचारायचे?' हा संकोच आपल्या पिढीला फार. मी डॉक्टर म्हणून सांगतो, विचारा. कर्करोगतज्ज्ञ वाईट वाटून घेत नाहीत. उलट त्यांना माहिती मिळते आणि उपचार पेलतील असे आखता येतात. हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

पहिला: या औषधाची, याच गुणाची, स्वस्त भारतीय आवृत्ती आहे का? गोळ्यांना जेनेरिक पर्याय असतात, तसे स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबसारख्या इंजेक्शनांना बायोसिमिलर पर्याय असतात.

दुसरा: कुपीतील उरलेले औषध वाया जाते का? काही इंजेक्शनांची मोठी कुपी दोन रुग्णांना, एकाच दिवशी बोलावून, वाटून देता येते. हा निर्णय रुग्णालयाचा, पण आपण विचारले तर तो होण्याची शक्यता वाढते.

तिसरा: माझ्या आजारासाठी कमी खर्चाची, अभ्यासाने सिद्ध झालेली पद्धत आहे का? आपल्या भागात तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग फार. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी वाढलेल्या अवस्थेतील अशा रुग्णांवर एक अभ्यास केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन स्वस्त गोळ्या घेणारे रुग्ण शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक जगले. मध्यमान ६.१ महिन्यांऐवजी ७.५ महिने. पुढे त्याच संस्थेने निव्होलुमॅब हे महागडे इंजेक्शन नेहमीच्या मात्रेच्या अगदी लहान अंशात, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. महाग तेच गुणकारी, हा समज दर वेळी खरा नसतो. पण हे प्रयोग तज्ज्ञांनी, मोजूनमापून केलेले आहेत. घरच्या घरी मात्रा कमी करणे हा त्यांचा अर्थ मुळीच नाही.

चौथा, आणि सर्वांत अवघड: या औषधाने मला किती लाभ होईल? आजार बरा होणार आहे, वर्षे वाढणार आहेत, की काही आठवडे? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य कुटुंबाकडे नसते. तो विचारण्याचा अधिकार रुग्णाचा असतो. काही उपचारांसाठी शेताचा तुकडा विकावा इतके मोल त्यांच्यात असते. काहींत ते नसते. अशा वेळी वेदना आटोक्यात ठेवणारी, झोप देणारी, घरी राहू देणारी परिहार सेवा अधिक मोलाची ठरते. तीव्र वेदनेवरील मॉर्फिनची गोळी स्वस्त असते. वाचकांतील मुलांना आणि सुनांना मी हात जोडून सांगतो: वडिलांसाठी महागडे औषध न घेणे म्हणजे त्यांच्यावरचे प्रेम कमी पडणे नव्हे. आणि वडिलांना सांगतो: आपले मत मुलांना आजच सांगून ठेवा, त्यांच्या मनावरचा भार हलका होईल.

उरलेली तूट भरून काढण्यासाठी

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी आणखी काही दारे आहेत.

धर्मादाय रुग्णालये: मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. अनेक नामांकित, चकचकीत रुग्णालये या यादीत आहेत. तेथे समाजसेवकाकडे जाऊन तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज द्यावा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

मुख्यमंत्री सहायता निधी: कर्करोगाच्या उपचारांसाठी यातून मदत मिळते. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि अहवाल लागतात. खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणीकरण लागते. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती होत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीची रीतही बरीचशी अशीच आहे. मदत अंशतः असते, पण दोन-तीन ठिकाणची मिळून पुष्कळ होते.

शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक: हे पद पुष्कळांना माहीतच नसते. कोणता न्यास कोणत्या आजाराला मदत करतो, अर्ज कसा लिहावा, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या खोलीचा दरवाजा अवश्य ठोठवा. औषध कंपन्यांच्याही रुग्णसाहाय्य योजना असतात, ज्यांत काही मात्रा विकत घेतल्यावर पुढील मात्रा मोफत मिळतात. त्यांची नोंदणी तज्ज्ञांच्या मार्फत होते.

प्रवास आणि निवास: औषधाइतकाच खर्च येण्याजाण्याचा होतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या शयनयानात व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात संपूर्ण भाडे माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला आरक्षण खिडकीवर द्यावा लागतो. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी कित्येक दशके बाहेरगावच्या रुग्णांना अल्प दरात आसरा दिला आहे. जाण्यापूर्वी जागा आहे का ते विचारून घ्यावे.

घरातील कमावता माणूसच पासष्टीच्या आत या आजाराने बसला असेल आणि उत्पन्न अगदी तुटपुंजे असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. कर्करोगाचे रुग्ण तीत बसतात.

या चुका टाळा

औषधाची मात्रा मनाने कमी करू नका. कर्करोगाच्या पेशींना अर्धी मात्रा म्हणजे औषधाला तोंड देण्याचा सराव होय. पैसे संपत आले असतील तर ते औषध संपण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना सांगा.

अनोळखी माणसाकडून, समाजमाध्यमावरील जाहिरातीतून, 'निम्म्या किमतीत' इंजेक्शन घेऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या भरून विकणारी टोळी पकडली होती. पक्के बिल, कुपीवरचा तुकडी क्रमांक आणि मुदत तपासूनच औषध घ्या. आमच्या भागात ओळखीतून येणाऱ्या 'हमखास' काढ्यांविषयीही हेच सांगतो. त्यावर हजारो रुपये आणि बरे होण्याचे महिने खर्च झालेले मी पाहिले आहेत.

सावकाराकडे जाण्यापूर्वी वर सांगितलेली सारी दारे ठोठावून झाली का, हे कागदावर टिकमार्क करून पाहा.

एक पिशवी भरून ठेवा

घरातील एकाच व्यक्तीकडे एक पिशवी असू द्या. तीत शिधापत्रिका व आधारच्या पाच-पाच प्रती, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत, छायाचित्रे, पेशी तपासणीचा मूळ अहवाल, सर्व चिठ्ठ्या तारखेप्रमाणे आणि प्रत्येक बिल ठेवा. सर्व कागदांची छायाचित्रे मुलाच्या किंवा नातीच्या मोबाइलमध्येही असावीत. बिले जपण्याचा आणखी एक उपयोग आहे: जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना ज्येष्ठ नागरिकाच्या कर्करोगावरील खर्चापोटी १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. खिडक्या-खिडक्यांतून फिरण्याचे काम रुग्णाला देऊ नका. ते नातवंडांचे काम आहे, आणि ती ते फार चांगले करतात.

आबांच्या बाबतीत तेच झाले. ज्या नातवाच्या फीसाठी गोळी कापली जात होती, त्याला मी दवाखान्यात बोलावले आणि आबांच्या समक्ष ती पुडी त्याच्या हातावर ठेवली. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो आजोबांना घेऊन संभाजीनगरला गेला. नोंदणीला तीन फेऱ्या लागल्या. एकदा आधारवरील नावात चूक निघाली, एकदा सही राहिली. पण चौथ्या आठवड्यात गोळ्या हातात आल्या आणि त्यासाठी खिशातून काही द्यावे लागले नाही. वाया गेलेल्या चार महिन्यांनी नुकसान किती केले, हे कळायला आणखी काही तपासण्या लागल्या. सुदैवाने औषधाने साथ सोडली नव्हती. दर वेळी असे नशीब लाभत नाही.

परवा आबा मोसंबी घेऊन आले होते. जाताना त्यांनी कनवटीतून पाकीट काढून स्वतःच मला दाखवले. सगळ्या गोळ्या अखंड होत्या. मीही आता एक नियम केला आहे. कर्करोगाचा रुग्ण समोर बसला की नाडी पाहण्याआधी विचारतो, 'औषध परवडतं ना?' आपल्या घरातही हा प्रश्न आज जेवताना एकदा विचारून पाहा. उत्तर येण्यापूर्वी समोरचे माणूस क्षणभर थांबले, तर ते थांबणे नीट ऐका.